काठावरची साखर

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये एका मित्राने पुण्यात नवा फ्लॅट घेतला. आम्ही सात-आठ जण जमणार होतो आणि ड्रिंक्सची जबाबदारी माझ्याकडे आली होती. निम्मे पिणारे, निम्मे न पिणारे. म्हणून मी ठरवलं की ग्लासात काहीही असो, जिन असो नाहीतर कोकम सरबत, काठाला मात्र सगळ्यांच्याच पुदिन्याची साखर लावायची. व्हिडिओत ते फार सोपं दिसत होतं.

पहिल्या प्रयत्नात मी धुऊन निथळलेला पुदिना आणि साखर एकत्र मिक्सरला लावली. झाकण उघडलं तर आत हिरवी चटणी. कारण शाळेत शिकलेलंच होतं. ताज्या पानात ऐंशी टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि साखर ते ओढून घेते. दुसऱ्या वेळी पानं आधी पंख्याखाली कागदावर दोन दिवस वाळवली, हाताने चुरली, एका भागाला चार भाग साखर घेतली आणि खलबत्त्यात बेताने कुटली. पीठ होऊ द्यायचं नाही, कण राहिला पाहिजे. मग चाळून घट्ट झाकणाच्या बरणीत भरली, कारण ऑगस्टची हवा उघड्या साखरेला अर्ध्या तासात ओली करते. लावताना लिंबाची फोड फक्त ग्लासच्या बाहेरच्या कडेने फिरवायची आणि ती कड बशीतल्या साखरेत टेकवायची. आतून लागली तर साखर पेयात पडते आणि शेवटचे घोट पाकासारखे लागतात.

त्या रात्री मित्राने ग्लास उजेडात धरून विचारलं, "हे पहिल्यांदा सुचलं कुणाला?"

"दोन मिनिटांत सांगते," म्हणत मी फोन हातात घेतला. त्या दोन मिनिटांचे पुढे तीन-चार महिने झाले. कारण सुचलं कुणाला, याचं उत्तर खरंच दोन मिनिटांत मिळतं. पण त्याच्या मागे दुसरा प्रश्न उभा राहतो. निम्मी साखर काठालाच राहणार आणि सकाळी सिंकमध्ये वाहून जाणार, हे माहीत असूनही ती लावावी, इतकी साखर स्वस्त कधी झाली? आणि कशामुळे?

* * *

आधी सोपं उत्तर. जेरी थॉमस या अमेरिकन बारटेंडरचं पुस्तक १८६२ साली न्यूयॉर्कमध्ये छापलं गेलं. 'हाऊ टू मिक्स ड्रिंक्स' हे त्याचं नाव, आणि मिश्र पेयांच्या कृतींचं ते अमेरिकेतलं पहिलं गाजलेलं पुस्तक. त्यात 'ब्रँडी क्रस्टा' नावाची कृती आहे. ब्रँडी, पाक, थोडं संत्र्याचं लिकर, थोडं बिटर्स, थोडा लिंबाचा रस आणि बर्फाचा लहानसा खडा. ग्लासच्या काठावरून लिंबाची फोड फिरवायची, काठ पांढऱ्या पिठीसाखरेत बुडवायचा, लिंबाची साल सफरचंदासारखी अखंड सोलून ग्लासात आतून बसवायची आणि मग पेय ओतायचं. क्रस्टा म्हणजे कवच. काठावर वाळून कडक झालेल्या साखरेवरून हे नाव पडलं.

थॉमसने या पेयाचं श्रेय 'सांतिना' नावाच्या एका स्पॅनिश माणसाला दिलं. नाव आणि मूळ दोन्ही जरा चुकलं होतं. तो जोसेफ सांतिनी, एड्रियाटिक समुद्रावरच्या त्रिएस्ते बंदरातून आलेला. १८५० च्या दशकात न्यू ऑर्लिन्सच्या ग्रेव्हियर स्ट्रीटवर 'ज्युएल ऑफ द साउथ' नावाचा त्याचा बार होता. कॉकटेलच्या इतिहासावर लिहिणारे डेव्हिड वंड्रिच यांच्यासारखे अभ्यासक क्रस्टाला एका मोठ्या घराण्याचा मूळ पुरुष मानतात. कॉकटेलमध्ये लिंबाचा रस घालायची वाट त्याने मोकळी केली. ब्रँडी, संत्र्याचं लिकर आणि लिंबू घेणारी 'साइडकार' त्याच वाटेवरची. टकिला, संत्र्याचं लिकर आणि लिंबू घेऊन काठाला साखरेऐवजी मीठ लावणारी 'मार्गारिटा' तिची चुलत बहीण म्हणावी अशी.

म्हणजे सुचलं सांतिनीला. पण बारमध्ये येण्याआधी साखर आणि वनस्पती ही जोडी कुठे होती?

* * *

ती आपल्या घरात होती, औषधाच्या डब्यात. लहानपणी खोकला झाला की आई मधात कालवून चाटवायची ते सितोपलादी चूर्ण आठवा. सितोपला म्हणजे खडीसाखर. सोळा भाग खडीसाखर, आठ भाग वंशलोचन, चार भाग पिंपळी, दोन भाग वेलची, एक भाग दालचिनी. १६, ८, ४, २, १. हे प्रमाण पहिल्यांदा वाचलं तेव्हा कोड लिहिणारी मी पाच मिनिटं नुसती त्याच्याकडे बघत बसले. चरकसंहितेत राजयक्ष्म्याच्या, म्हणजे क्षयाच्या प्रकरणात हे चूर्ण येतं. कुटलेली वनस्पती, कुटलेली साखर, चाळून कोरडी ठेवलेली. माझ्या बरणीतल्या पुदिन्याच्या साखरेची रीत याहून वेगळी नव्हती. गुलकंद हे त्याचंच ओलं रूप.

आयुर्वेदात याला शब्दही नेमका आहे, अनुपान. कडू किंवा तिखट औषध ज्याच्याबरोबर घ्यायचं ते. मध, तूप, दूध, साखर.

उसाच्या रसापासून दाणेदार साखर करण्याची विद्याही इथलीच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा अशी ओळीने यादी आहे. फाणित म्हणजे काकवीसारखा घट्ट रस, आणि पुढे जाल तसा माल कोरडा आणि शुद्ध होत जातो. शर्करा या शब्दाचा मूळ अर्थ वाळूचा कण, बारीक खडा. इथून तो शब्द फारसीत 'शकर' झाला, अरबीत 'सुक्कर', आणि फिरत फिरत इंग्रजीत 'शुगर'. 'खंड'चा 'कंद' होऊन पुढे 'कँडी' झाली. साखर पश्चिमेकडे गेली ती नावासकट आणि औषधाच्या ओळखीनेच.

मध्ययुगीन युरोपात साखर औषधविक्याकडे मिळायची, मसाल्यांच्या शेजारी, मोजून तोलून. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने एक निवाडा दिला होता. मसाल्याची साखर खाल्ली तर उपवास मोडतो का? मोडत नाही, कारण ती पोट भरायला नाही, पचनासाठी खातात. साबुदाण्याची खिचडी उपासाला कशी चालते यावर दर एकादशीला वाद घालणाऱ्या आपल्याला हा युक्तिवाद परका वाटू नये. आणि ज्याची भविष्यं दर वर्षाअखेरीस आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, त्या नॉस्त्रादेमसचं १५५५ साली निघालेलं एक पुस्तक सौंदर्यप्रसाधनं आणि साखरेत टिकवलेल्या फळांवर आहे. तो वैद्यकी करायचा. त्या काळी मुरांबा हा वैद्याच्या कामाचाच भाग होता.

दारूच्या गुत्त्यात ही जोडी शिरली तीसुद्धा औषधाच्या दाराने. फारसी 'गुलाब', म्हणजे गुलाबपाणी, अरबीत 'जुलाब' झालं आणि युरोपात 'जुलेप'. औषध गिळायला सोपं जावं म्हणून दिलेलं गोड पाणी, असा त्याचा अर्थ. (मराठीत याच शब्दाचं काय झालं ते सांगायला नको.) अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या दक्षिणेकडचे जमीनदार सकाळी सकाळी पुदिना, साखर आणि दारू एकत्र करून 'मिंट जुलेप' पीत होते, तब्येतीच्या नावाखाली. 'कॉकटेल'ची छापील व्याख्या १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका वर्तमानपत्रात आली. कुठलीही दारू, साखर, पाणी आणि बिटर्स. बिटर्स म्हणजे कडू मुळ्या-सालींचा अर्क. त्यातली नेहमीची मुळी जेन्शियन. आपल्या काढ्यातलं काडेचिराईत तिच्याच कुळातलं. न्यू ऑर्लिन्सचं सर्वांत प्रसिद्ध बिटर्स बनवणारा आंत्वान पेशो हाही बारवाला नव्हता. रॉयल स्ट्रीटवर त्याचं औषधांचं दुकान होतं.

हे कळल्यावर सांतिनीचा ग्लास मला वेगळा दिसायला लागला. आत बिटर्सचा काढा आणि काठावर साखरेचं अनुपान. औषधविक्याची जुनी जोडी, फक्त काचेच्या दोन बाजूंना विभागलेली. मात्र एक मोठा फरक होता. औषधविक्या साखर तोलून द्यायचा. सांतिनी ती शोभेला लावत होता.

* * *

कोलंबस १४९३ साली दुसऱ्यांदा अटलांटिक ओलांडून गेला तेव्हा त्याच्या जहाजावर उसाचं बेणं होतं. ते हिस्पान्योला बेटावर लागलं. त्या बेटाच्या पश्चिम भागात पुढे फ्रेंचांनी सां-दोमिंग ही वसाहत उभी केली. अठराव्या शतकात ती जगातली सर्वांत श्रीमंत साखर वसाहत होती, आणि ती चालायची आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या जिवावर. १७९१ साली त्या गुलामांनी बंड केलं. बारा-तेरा वर्षांच्या लढाईनंतर १८०४ साली तिथे हैती हा स्वतंत्र देश झाला.

साखरेच्या बाजारात मोठी पोकळी तयार झाली. बेटावरून पळालेले मळेवाले आणि साखर बनवणारे कारागीर जवळच्या बंदरांत पोचले, त्यांत न्यू ऑर्लिन्सही होतं. तिथे एतिएन द बोरे नावाच्या जमीनदाराचं निळीचं पीक बुडालं होतं. सां-दोमिंगहून आलेल्या एका कारागिराच्या मदतीने त्याने १७९५ साली आपल्या उसाच्या रसापासून विकण्याजोगी दाणेदार साखर काढून दाखवली. पुढच्या काही दशकांत मिसिसिपी नदीचे दोन्ही काठ उसाने भरून गेले. एका बेटावर गुलामांनी जे संपवलं, तेच दुसऱ्या काठावर नव्याने सुरू झालं.

लुइझियानात ऊस घेणं मुळात अवघड होतं. ऊस उष्ण प्रदेशातलं पीक, आणि इथे हिवाळ्यात दहिवर पडून तो गोठायचा. त्यामुळे ऑक्टोबरपासून दोन-अडीच महिन्यांत सगळा ऊस तोडून गाळावाच लागे. तोडलेल्या उसातली साखर तासागणिक कमी होते, म्हणून चरक आणि भट्ट्या रात्रंदिवस चालायच्या. गुलाम पाळ्यांमध्ये, रोज सोळा-अठरा तास राबायचे. अमेरिकेच्या बहुतेक भागांत गुलामांची लोकसंख्या वाढत होती. लुइझियानाच्या ऊसपट्ट्यात जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होते. तूट भरून काढायला न्यू ऑर्लिन्सचा बाजार होता, त्या काळातला अमेरिकेतला सर्वांत मोठा गुलामांचा बाजार. शहरातल्या सेंट लुइस हॉटेलच्या भव्य घुमटाखाली एकीकडे बार होता आणि त्याच घुमटाखाली माणसांचे लिलाव व्हायचे.

जानेवारी १८११ मध्ये नदीकाठच्या या मळ्यांतल्या काहीशे गुलामांनी बंड केलं आणि ते न्यू ऑर्लिन्सच्या दिशेने चालत निघाले. चार्ल्स देलोंद हा त्यांचा एक पुढारी. काही दिवसांत बंड चिरडलं गेलं आणि मारलेल्यांची मुंडकी नदीच्या बांधावर खांबांवर लावली गेली.

'१२ इयर्स अ स्लेव्ह' हा सिनेमा तुम्ही पाहिला असेल. ज्या सॉलोमन नॉर्थअपच्या आत्मकथेवर तो बेतला, ती १८५३ सालची. नॉर्थअप न्यूयॉर्क राज्यातला स्वतंत्र माणूस. १८४१ साली त्याला पळवून नेऊन न्यू ऑर्लिन्समध्ये विकलं गेलं. त्याने उसाच्या हंगामात साखरघरातही काम केलं. चरकापासून साखरेच्या पिंपापर्यंतच्या सगळ्या टप्प्यांचं त्याने केलेलं वर्णन इतकं नेमकं आहे की एखाद्या इंजिनिअरने लिहिलेलं वाटावं. आणि त्याच ओघात तो सांगतो की तिथे त्याच्या हातात चाबूक दिलेला होता. जो काम थांबवेल त्याच्यावर चालवायचा. चालवला नाही तर तो त्याच्याच पाठीवर.

* * *

आता ती पांढरी पिठीसाखर. लुइझियानातली बहुतेक साखर तपकिरी, ओलसर आणि मळीच्या वासाची असायची. आपल्याकडच्या गुऱ्हाळात रस एका काहिलीत आटवतात. तिथे चार-पाच काहिली ओळीने एकाच लांब भट्टीवर मांडलेल्या असत. रस जसा आटेल तसा गुलाम मोठ्या पळ्यांनी उकळता रस एका काहिलीतून पुढच्या, लहान काहिलीत ओतायचे. शेवटच्या काहिलीपाशी आपल्या गुळव्यासारखा एक जाणता माणूस नजरेने ओळखायचा की पाक उतरवायचा क्षण आला. लाकूड प्रचंड जळायचं, साखर करपून काळी पडायची आणि उकळता पाक अंगावर पडून माणसं भाजायची.

ही पद्धत बदलणाऱ्या माणसाची गोष्ट वाचताना मी खुर्चीतून उठून घरभर फिरले होते. नॉर्बर्ट रिल्यू, जन्म १८०६, न्यू ऑर्लिन्स. वडील गोरे, आई कृष्णवर्णीय पण गुलाम नसलेली. तिथल्या कायद्यानुसार त्यांचं लग्न होऊ शकत नव्हतं. वडिलांनी मुलाला शिकायला पॅरिसला पाठवलं. तिथे तो वाफेच्या इंजिनांवर संशोधन करू लागला आणि विद्यार्थ्यांना शिकवूही लागला. मग परत येऊन त्याने १८४३ आणि १८४६ साली साखरेच्या रसासाठी नव्या यंत्राची पेटंटं घेतली.

कल्पना अशी. पाणी आटवायला उष्णता लागते आणि ती सगळी वाफेबरोबर उडून जाते. रिल्यूने बंद भांडी ओळीने जोडली. पहिल्या भांड्यातून निघालेली वाफ दुसऱ्या भांड्याला तापवते. पण ती पहिल्यापेक्षा थंड असते, मग दुसऱ्यातला रस उकळणार कसा? म्हणून दुसऱ्या भांड्यातली हवा काढून दाब कमी करायचा. दाब कमी झाला की रस कमी तापमानाला उकळतो. तिसऱ्यात दाब आणखी कमी. एकदा जाळलेल्या लाकडाची उष्णता दोनदा, तीनदा वापरली जाते. एकाचं आउटपुट ते पुढच्याचं इनपुट. शिवाय कमी तापमानामुळे साखर करपत नाही. ती पांढरी निघते आणि उकळत्या रसाजवळ पळी घेऊन कुणाला उभं राहावं लागत नाही.

ही यंत्रं ज्यांच्या मळ्यांवर बसली ते मळेवाले रिल्यूला सल्ल्यासाठी बोलवायचे. पण त्यांच्या टेबलावर त्यांच्याबरोबर जेवायचा हक्क त्याला नव्हता. १८५० च्या दशकात स्वतंत्र कृष्णवर्णीयांवरची बंधनं आणखी वाढली. शेवटी रिल्यू फ्रान्सला परतला आणि १८९४ साली पॅरिसमध्ये वारला.

सांतिनी ज्या दशकात ग्लासचा काठ पांढऱ्या साखरेत बुडवत होता, त्याच दशकात त्याच शहराभोवतीच्या मळ्यांवर रिल्यूची यंत्रं चालत होती. सांतिनीच्या बशीतली साखर नेमक्या कुठल्या मळ्यावरची, हे मी शोधलं नाही. तशी गरजही वाटली नाही. पांढरी साखर उधळण्याइतकी स्वस्त होण्यामागे त्या काळी दोनच गोष्टी होत्या, सुधारलेली यंत्रं आणि फुकट माणसं.

जेरी थॉमसचं पुस्तक आलं त्याच १८६२ साली, एप्रिलच्या अखेरीस, यादवी युद्धात उत्तरेच्या आरमाराने न्यू ऑर्लिन्स जिंकलं. पुढच्या १ जानेवारीला अब्राहम लिंकनने गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला. पण शाळेच्या पुस्तकात नसलेला भाग असा की लुइझियानाचे तेरा परगणे त्यातून वगळले होते. कारण ते उत्तरेच्या ताब्यात आलेलेच होते आणि जाहीरनामा फक्त बंडखोर भागापुरता होता. त्या तेरांमध्ये न्यू ऑर्लिन्स होतं आणि ऊसपट्ट्यातले बरेचसे परगणेही. त्या राज्यात गुलामगिरी कायद्याने संपली ती १८६४ साली.

त्यानंतरही ऊस तोडणारे हात तेच राहिले. मजुरी बहुतेकदा रोख नव्हे, मळ्यावरच्या दुकानातच चालणाऱ्या चिठ्ठ्यांमध्ये मिळायची. नोव्हेंबर १८८७ मध्ये, ऐन हंगामात, सुमारे दहा हजार ऊसमजुरांनी संप केला. रोख पैसे द्या, आणि रोजची मजुरी सव्वा डॉलर करा. थिबोडो नावाच्या गावात हत्यारबंद गोऱ्यांच्या टोळ्यांनी कृष्णवर्णीय मजुरांवर गोळ्या झाडल्या. डझनावारी माणसं मारली गेली आणि संप मोडला.

* * *

इथे मला थांबता आलं असतं. पण रिल्यूच्या यंत्राची आकृती पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती मला ओळखीची वाटली होती. माझं गाव साखर कारखान्याच्या परिसरातलं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असताना काकांच्या ओळखीने मी कारखाना आतून पाहिला होता. लोखंडी जिन्यावरून वर गेल्यावर रांगेत उभी असलेली ती प्रचंड उभी भांडी, एकाची वाफ दुसऱ्यात नेणारे जाडजूड पाइप. महाराष्ट्रातल्या प्रत्येक साखर कारखान्यात रस आटवायला तेच तत्त्व आजही वापरतात. दूध पावडरच्या कारखान्यातही तेच. न्यू ऑर्लिन्सच्या त्या माणसाचं नाव त्या दिवशी मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि चार वर्षांच्या अभ्यासक्रमातही ते माझ्यासमोर आलं नाही.

यंत्र बदललं, शेत बदललं नाही. आपल्याकडचा बराचसा ऊस अजून कोयत्यानेच तुटतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या कोरडवाहू भागातून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात येतात. कोयता हे हत्याराचं नाव, आणि एका जोडप्याचंही. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि हंगामभर ती फेडायची. खाडा झाला की दंड. पाळी आली, गरोदरपण आलं, ताप आला तरी तो खाडाच. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या देशभर गाजल्या आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

लुइझियानाचा गुलाम आणि आपला ऊसतोड मजूर एकच, असं मी म्हणत नाही. इथे कुणी कुणाला विकत नाही. मजूर संप करतात, दर वाढवून घेतात, मतदान करतात. हा फरक छोटा नाही, तो लोकांनी लढून मिळवलेला आहे. पण चिठ्ठी आणि उचल, रात्रीच्या पाळ्या आणि पहाटे चारची तोड, हे शेजारी शेजारी वाचताना अस्वस्थ व्हायला होतं.

आमच्या शाळेत दर वर्षी दिवाळीनंतर वर्गात काही नवी मुलं यायची आणि उन्हाळ्याआधी दिसेनाशी व्हायची. कारखान्याजवळच्या माळावर त्यांच्या कोप्या असायच्या. चौथीत माझ्या बाकावर एक मुलगी होती. आठवड्यातले तीन दिवस तरी ती यायची नाही, कारण आईवडील फडात गेले की धाकट्या भावाला तिलाच सांभाळावं लागे. बाई हजेरी घेताना तिचं नाव पुकारून उत्तराची वाट न बघता पुढे जायच्या. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. ऊस आल्यासारखी ती मुलं यायची, ऊस संपल्यावर जायची.

* * *

या महिन्यात त्याच मित्राकडे पुन्हा जमलो. या वेळी गवती चहाची साखर केली होती. गवती चहा पुदिन्यापेक्षा सोपा. पात कात्रीने बारीक कापायची, सावलीत वाळवायची आणि साखरेत आठवडाभर नुसती मुरत ठेवायची. नंतर चाळून पात काढून टाकायची, वास साखरेत राहतो. काठ पूर्ण न भरता मी अर्ध्यालाच साखर लावली. अर्धा काठ मोकळा ठेवला की प्रत्येकाला हवा तेव्हाच गोड घोट घेता येतो आणि वायाही कमी जाते. बरणीत उरलेली साखर दुसऱ्या दिवशी चहात चालते.

एका ग्लासला साधारण पाच ग्रॅम साखर लागते. आपल्याकडे शंभर किलो उसातून दहा-अकरा किलो साखर निघते. म्हणजे एका काठामागे पन्नास ग्रॅमच्या आसपास ऊस, जेमतेम बोटभर कांडं. मी हे मोठ्याने सांगत होते, तेव्हा मित्राला वर्षभरापूर्वीचा प्रश्न आठवला.

"मग, शेवटी सुचलं कुणाला?"

"सांतिनीला," मी म्हणाले. "न्यू ऑर्लिन्समध्ये."

"आणि साखर?"

मी रिल्यूपासून सुरुवात केली. थिबोडोपर्यंत आले तेव्हा बर्फ वितळून गेला होता. माझ्या ग्लासचा काठ ओला होऊन चिकटला होता आणि साखरेचा एक ओघळ काचेवरून माझ्या बोटांवर आला होता.